एक जाड, एक बारीक: गाडीच्या लॉकचा आवाज बंद करताना

पुण्यात कर्वेनगरातली आमची सोसायटी जुनी, तीन मजली. खाली खांब आणि पार्किंग, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात तळमजल्यावरचा एकुलता एक फ्लॅट. त्याच्या झोपायच्या खोलीची खिडकी सात नंबरच्या जागेवर उघडते. खिडकीतून हात लांबवला तर गाडीच्या टपाला लागेल, इतकं जवळ.

सात नंबर दुसऱ्या मजल्यावरच्यांचा. त्यांचा मुलगा हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेने काम करतो आणि रात्री अडीचच्या सुमाराला घरी येतो. मागच्या वर्षी त्यांनी सहा वर्षं वापरलेली एक सेडान घेतली, रिमोटने लॉक केली की आवाज करणारी. तळमजल्यावरच्या काकू सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात. नोकरीची तीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काढली. हा तपशील मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तोच कामी आला.

जूनमध्ये सात नंबरच्या खांबावर पाटी लागली: "या मोटारीस रात्री अकरानंतर बोलण्यास मनाई आहे. मालकाशी आम्ही सकाळी बोलू."

कुणीतरी पाटीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, त्यावर हसून झालं, आणि आवाज चालूच राहिला.

मी चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्यामुळे सोसायटीत कुणाच्याही गाडीचं काही वाजायला लागलं किंवा वाजेनासं झालं, की माझ्या दाराची बेल वाजते. या वेळी मात्र मला शेवटी बोलावलं. तोवर दोन उपाय करून झाले होते आणि दोन्हींनी प्रकरण बिघडवलं होतं.

पहिला उपाय सेक्रेटरींचा, म्हणजे पत्र. त्यांनी ध्वनिप्रदूषण नियम, २०००, काढले. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, आणि २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे निवासी भागात रात्री आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवायचाच नाही. पत्रातलं प्रत्येक कलम बरोबर होतं. पण मुलाचे वडील दुखावले, "आमचा मुलगा काय हौसेने हॉर्न वाजवतो का," म्हणाले, आणि दोन घरांमधलं बोलणं बंद झालं. गाडीचं नाही झालं.

दुसरा उपाय मुलाने केला. पत्राने तो खरंच ओशाळला होता. शनिवारी नाना पेठेत गेला आणि एका दुकानात म्हणाला, लॉक करताना आवाज येतो तो बंद करून द्या. तिथल्या पोराने बॉनेट उघडलं, फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं, चिमट्याने एक फ्यूज उपटला आणि मुलाच्या हातावर ठेवला. दोनशे रुपये. रिमोट दाबून बघितलं, तर रस्त्यावरच्या गोंगाटात काहीच ऐकू आलं नाही. काम झालं, असं दोघांनाही वाटलं.

चौथ्या दिवशी चांदणी चौकात एक टेम्पो बाजूने दाबत आला. मुलाने हॉर्न दाबला. गाडी मुकी. आरशाला ओरखडा गेला, त्यापलीकडे काही झालं नाही. पण त्या रात्री तो घरी आला तेव्हा अजून थरथरत होता, आणि खाली काकू खिडकीत उभ्या होत्या. म्हणाल्या, "अरे बाळा, जाड गेला रे. बारीक आहे अजून."

याचा अर्थ त्याला कळला नाही. सकाळी त्याने माझी बेल वाजवली.

वही

मी आधी काकूंकडे गेलो. गाडीकडे जायच्या आधी ज्याला त्रास होतोय त्याला विचारावं, ही माझी कारखान्यातली सवय. काकूंनी चहा ठेवला आणि एक दोनशे पानी वही आणून दिली. निम्म्या पानांवर दुधाचा हिशोब, उरलेल्यांवर सात नंबरची नोंद. तारीख, वेळ, आणि पुढे आवाजाचं वर्णन. ऑपरेटरला डायल टोन, एंगेज टोन, रिंग हे सगळं कानाने ओळखायचं असतं. निवृत्त झाल्या म्हणून ती सवय जाते थोडीच.

एक नोंद अशी होती: "२.३४. एक जाड, लगेच एक बारीक. मग जिन्यातून पुन्हा एक जाड, एक बारीक."

शनिवारनंतरची: "२.३१. फक्त बारीक. जिन्यातून पुन्हा बारीक."

आणि तिसऱ्या प्रकारची, जी मी दोनदा वाचली: "५.०७. दोन जाड, दोन बारीक. अर्ध्या मिनिटाने एक जाड, एक बारीक. खिडकीतून पाहिलं. गाडीपाशी कोणी नाही."

पहाटे पाचचे असे प्रकार आठवड्यातून तीन-चारदा. मुलगा ग्रुपवर शपथेवर सांगत होता की पाच वाजता तो गाढ झोपलेला असतो. वॉचमनही सांगत होता की तेव्हा खाली कुणी येत नाही. लोकांनी ठरवून टाकलं होतं की काकूंना भास होतात. मला मात्र त्या "अर्ध्या मिनिटाने"मुळे अंदाज आला की भास कुणालाच होत नाहीये. त्याबद्दल पुढे.

खरं तर प्रकरण त्या वहीतच सुटलं होतं. आमच्याकडे आवाजाच्या तक्रारींवर काम करणारे लोक मायक्रोफोन लावून जे शोधतात, ते काकूंनी दुधाच्या वहीत लिहून ठेवलं होतं: आवाज एक नाही, दोन आहेत, दोघांची तोंडं वेगळी आहेत आणि वेळाही वेगळ्या आहेत. "लॉकचा आवाज" असा एकच शब्द धरून बसल्यामुळे बाकी सगळे चुकत होते.

जाड आवाज

रिमोट यायच्या आधी गाडी लॉक झाल्याचं हाताला कळायचं, किल्ली फिरायची. रिमोटवालं लॉक पहिल्यांदा आलं १९८२ साली रेनोच्या फ्युएगो गाडीत. ते शोधणाऱ्या पॉल लिपशुत्झच्या नावावरून फ्रान्समध्ये त्या रिमोटला 'प्लिप' म्हणायला लागले. दहा पावलांवरून बटण दाबायचं म्हटल्यावर लॉक झालं की नाही हे सांगायला काहीतरी हवं, म्हणून इंडिकेटर लुकलुकतात आणि आवाज होतो. ती पावती आहे. फक्त एका माणसासाठी फाडलेली पावती अख्ख्या आळीला वाचून दाखवली जाते, एवढीच तक्रार.

ही पावती काही गाड्यांत वेगळा छोटा बझर देतो, काहींत थेट मुख्य हॉर्न. सात नंबरच्या गाडीत हॉर्न होता. लॉकचा सिग्नल आला की गाडीतला बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दारं-दिवे सांभाळणारा छोटा संगणक, हॉर्नच्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) क्षणभर करंट देतो आणि हॉर्न 'प्यॅक' करतो. वेळ कमी, पण जोर तोच. गाडीवरचा हॉर्न सात मीटरवर ९३ ते ११२ डेसिबल वाजला पाहिजे असं मानक आहे. इथे खिडकी दीड मीटरवर, वर स्लॅब, बाजूला भिंत. काकू त्याला जाड म्हणतात, हे सौम्यच झालं.

लॉकचा हॉर्न आणि स्टिअरिंगवरचा हॉर्न एकच असेल, तर दोघांचा फ्यूजही एकच असणार. नाना पेठेतल्या पोराने आवाज बंद केला नव्हता, हॉर्नच बंद केला होता. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११९ प्रमाणे प्रत्येक गाडीला विजेवरचा हॉर्न किंवा तसं दुसरं साधन लागतंच. कायद्याचं जाऊ द्या, चांदणी चौकात हॉर्नशिवाय गाडी चालवणाऱ्याच्या हिमतीला माझा दंडवत. इंटरनेटवर या त्रासावर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा उपाय 'फ्यूज काढा' हाच आहे, आणि तो सगळ्यात वाईट.

फ्यूज जागेवर बसवला. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून इग्निशन चालू केलं, मीटरच्या मधल्या छोट्या पडद्यावर सेटिंगमध्ये गेलो, तिथे दरवाजे, आणि दरवाजांच्या यादीत तळाशी हॉर्न फीडबॅक. पुढची खूण काढली. पाच मिनिटं लागली असतील, त्यातली चार स्टिअरिंगवरची बटणं कशी चालतात हे समजायला. मुलगा म्हणाला, "काका, हे इथेच होतं?" इथेच होतं. सेकंडहँड गाडीबरोबर मालकाची पुस्तिका क्वचितच येते, आणि आली तरी ती डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसीच्या जुन्या कागदांखाली दबलेली असते.

प्रत्येक गाडीत हे पडद्यावर सापडेल असं नाही. निस्सानच्या बऱ्याच गाड्यांत रिमोटवरची लॉक आणि अनलॉक ही दोन्ही बटणं एकदम किमान दोन सेकंद दाबून धरायची. धोक्याचे दिवे तीनदा लुकलुकले की आवाज बंद झाला. पुन्हा तसंच केलं की दिवे एकदा लुकलुकतात, हॉर्न एकदा वाजतो आणि आवाज परत चालू होतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत वेगळा बझर असतो, त्याची पातळी कमी-जास्त करता येते किंवा तो पूर्ण बंद करता येतो. काही मॉडेलमध्ये हे घरी होत नाही, सर्व्हिस सेंटरवाले त्यांचं उपकरण जोडून करतात. तिथे "लॉकचा आवाज बंद करा" एवढंच म्हणू नका. "हॉर्न चालू ठेवून लॉक-अनलॉकचा फीडबॅक बंद करा" असं जॉबकार्डवर लिहून घ्या. नाहीतर तिथेही चिमटा असतोच.

बारीक आवाज

त्या रात्री नऊ वाजता काकू खिडकीत, मी आणि मुलगा पार्किंगमध्ये. बॉनेट उघडं असलं की काही गाड्या लॉक होताना कुरकुर करतात, म्हणून बॉनेटच्या लॅचमध्ये, म्हणजे ते अडकवणाऱ्या खटक्यात, स्क्रूड्रायव्हर घालून ते बंद असल्यासारखं केलं. (असं केलंत तर बॉनेट आपटायच्या आधी लॅच खेचून मोकळं करायला विसरू नका. एकदा विसरून बघितलंय.) मुलाने रिमोट दाबला. हॉर्न गप्प. पण डाव्या हेडलाइटच्या मागून चिमणीसारखं 'च्युक' आलं.

काकू खिडकीतून म्हणाल्या, "तो बघा बारीक."

टॉर्च मारला. बॅटरीच्या मागे, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला, मुठीएवढा भोंग्याच्या आकाराचा सायरन. कंपनीने बसवलेली वस्तू अशी कधीच दिसत नाही. कंपनीच्या वायरला नळी असते, क्लिप असतात, ती कुठून कुठे जाते ते ठरलेलं असतं. ही वायर वाट फुटेल तिकडे गेली होती, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या (फायरवॉलच्या) रबरातून आत, डॅशबोर्डखाली. तिथे काडेपेटीहून जरा मोठी काळी डबी सेंट्रल लॉकच्या वायरींना टेप मारून जोडलेली. आधीच्या मालकाने बाहेरून सिक्युरिटी सिस्टिम बसवून घेतली होती. कंपनीच्या रिमोटने दरवाजे लॉक झाले की या डबीला तो सिग्नल कळायचा आणि ती आपली वेगळी पावती फाडायची. अशा सिस्टिमच्या रिमोटवर बहुधा आवाज न करता लॉक करायचं बटण असतं. पण तो रिमोट आधीच्या मालकाबरोबरच गेला होता. पडद्यावरच्या सेटिंगला या डबीचा पत्ताच नव्हता, त्यामुळे ती बंद करणार तरी कशी?

इथे माझी चूक झाली, तीही सांगतो. सायरनचा कपलर, म्हणजे वायरीचा जोड, काढला की झालं, असं म्हणून मी तो काढला. पुढच्या क्षणाला सायरन सहा वेगवेगळ्या सुरांत केकाटायला लागला. चोराने मुख्य बॅटरीची वायर काढली तरी ओरडता यावं म्हणून अशा काही सायरनच्या पोटात स्वतःची बॅटरी असते. बावीस वर्षं वायरिंगमध्ये काढलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही. तीन मजले गॅलरीत आले. कपलर परत लावला तसा तो गप्प झाला. सेक्रेटरी वरून म्हणाले, "बंद करताय की चालू?"

अशा सायरनच्या बाजूला किल्लीचं भोक असतं, किल्ली फिरवली की आतली बॅटरी तुटते. किल्ली कुठे? मुलाने गाडीची दुसरी किल्ली आणली. तिच्या कडीत दोऱ्याने बांधलेली एक छोटी नळीसारखी किल्ली होती, वर्षभर ती त्याला कुठल्यातरी जुन्या सुटकेसची वाटत होती.

पण काढण्याआधी त्याच्या वडिलांशी बोलणं भाग होतं, कारण हा नुसता चिवचिवाट नव्हता. गाडी कुणी फोडली तर हाच भोंगा ओरडणार होता. वडील म्हणाले, "म्हणजे चोराची सोय." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. गाडीत कंपनीचा इमोबिलायझर आहे, किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, तो राहणारच. दुसरं, टेप मारलेले ते जोड सेंट्रल लॉकच्या मुख्य वायरींवर आहेत, पावसाळ्यात तिथे ओल धरली तर चोराच्या आधी तुम्हीच गाडीबाहेर अडकाल. तिसरं, विम्याची पॉलिसी बघा. एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं चोरीरोधक यंत्र गाडीत असेल, तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सवलत मिळू शकते. ती घेतली असेल तर यंत्र काढल्याचं कंपनीला कळवावं लागेल. त्यांच्या पॉलिसीत ती सवलत नव्हती. डबीवर मान्यतेचा कुठला शिक्काही नव्हता. वेताळ टेकडीवरच्या त्या संस्थेच्या दारावरून ते रोज फिरायला जातात, त्यामुळे हा मुद्दा त्यांना लगेच पटला.

रविवारी सकाळी सायरनची किल्ली फिरवली, बॅटरीची निगेटिव्ह काढली, डबी आणि सायरन दोन्ही काढले, कापलेल्या वायरी सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवली. दोन तास.

पाच वाजून सात मिनिटं

"दोन, मग अर्ध्या मिनिटाने एक." या गाडीत अनलॉकला दोन आणि लॉकला एक आवाज होता. म्हणजे पहाटे कुणीतरी गाडी उघडत होतं आणि तीस सेकंदांनी ती बंद होत होती. बहुतेक गाड्यांत ही सोय असते: रिमोटने अनलॉक केल्यावर ठरावीक वेळात एकही दार उघडलं नाही, तर चुकून बटण दाबलं गेलं असं समजून गाडी स्वतःच परत लॉक होते. गाडीपाशी कुणी नव्हतं, ही काकूंची नोंद त्यामुळे तंतोतंत खरी होती.

मी वडिलांना विचारलं, "टेकडीवर जायला किती वाजता निघता?"

"सव्वापाच. पाचला बूट घालतो."

घराची आणि गाडीची किल्ली एकाच जुडग्यात. जुडगा ट्रॅकपँटच्या खिशात. बूट घालायला वाकलं की मांडी बटण दाबायची, आणि दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली सात नंबरच्या बरोबर वर. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पत्राचा राग धरून बसलेले ते गृहस्थ आठवड्यातून चार वेळा स्वतःच काकूंना उठवत होते. त्यांनी तिथल्या तिथे गाडीची किल्ली जुडग्यातून काढून खुंटीवर अडकवली.

जिन्यातून दुसऱ्यांदा येणारा आवाज मुलाचा होता. खात्री नसल्यामुळे वर जाताना तो पुन्हा एकदा बटण दाबायचा. या सवयीला सेटिंग नाही. आवाज गेल्यावर ती आपोआप गेली, कारण दुसऱ्यांदा दाबून त्याला ऐकू येणार तरी काय?

नंतर

दोन आठवडे शांततेत गेले. मग एका सकाळी गाडी अनलॉक सापडली. आतलं काही गेलं नव्हतं. झालं असं, की काकूंना त्रास नको म्हणून मुलगा दार अलगद लोटायला लागला होता. दार पहिल्याच खाचेत अडकलं, गाडीने लॉक व्हायला नकार दिला, आणि तो नकार ऐकवणारा आवाज आपणच बंद केलेला. मुलगा बटण दाबून वर निघून गेला.

आवाज बंद करताना आपण नेमकं काय देऊन टाकतो, ते हे. म्हणून त्याला आता दोन गोष्टी करायला सांगितल्यात. बटण दाबताना चालायचं नाही, गाडीकडे बघत उभं राहायचं आणि इंडिकेटर लुकलुकल्याशिवाय पाठ फिरवायची नाही. आणि अनोळखी पार्किंगमध्ये हँडल एकदा ओढून बघायचं, कारण रिमोटचा सिग्नल दाबून टाकणारी यंत्रं चोरांकडे असतात. किल्ली खिशात ठेवून हँडलला हात लावला की उघडणारी गाडी असेल, तर हँडल ओढून बघण्यात गंमत होते. सात नंबर तसली नाही.

दाराचं काय करायचं, हे काकूंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "दार नीट लावू दे त्याला. दार लावल्याचा आवाज मला चालतो. एकदाच यावा फक्त."

पाटी त्यांनी स्वतःच काढली. वही चालू आहे. परवा दिवाळीचा फराळ द्यायला गेलो तेव्हा ती टेबलावर उघडीच होती, आणि आदल्या रात्रीची नोंद होती: "२.३८. दार. मग लॉकची खट. बरोबर."

तिच्याखाली दुसऱ्या शाईत: "४.५०. पाण्याची मोटर, बेअरिंग गेलं असावं. इंजिनिअरना सांगणे."